नकाशा कोणाचा, गाव कोणाचे?

सप्टेंबर २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयासमोर एक आगळीच जनहित याचिका आली. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात ‘पोकेमॉन गो’ नावाचा भ्रमणध्वनीवरील एक खेळ अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये प्रसिद्ध झाला होता आणि काही आठवड्यांतच त्याने जगभर धुमाकूळ घातला होता. भारतात तो अधिकृतपणे यायचा होता. तरीही आडमार्गाने उतरवून घेऊन तो खेळणारी तरुण मुले आपल्या शहरांतील बागांमध्ये आणि चौकांमध्ये दिसू लागली होती. याचिकाकर्त्याची तक्रार अशी की, या खेळात बक्षीस म्हणून मिळणारी अंडी प्रार्थनास्थळांच्या परिसरात मिळतात, आणि हिंदू व जैन मंदिरांच्या आवारात अंडे दिसावे, मग ते पडद्यावरचे का असेना, हे भाविकांच्या भावना दुखावणारे आहे. न्यायालयाने खेळ चालविणाऱ्या कंपनीला, तसेच केंद्र व राज्य सरकारला नोटीस काढली. बहुतेकांनी ही बातमी गमतीची म्हणून वाचली, थोडे हसले आणि विसरले.

वस्तुतः त्यात हसण्यासारखे थोडे आणि विचार करण्यासारखे पुष्कळ होते. अंडे खोटे होते, पण मंदिर खरे होते. त्या मंदिराला विश्वस्त आहेत, पुजारी आहे, पिढ्यान्‌पिढ्या तेथे येणारी कुटुंबे आहेत. यांच्यापैकी कोणालाही न विचारता सातासमुद्रापलीकडच्या एका कंपनीने आपल्या नकाशावर ते मंदिर खेळाचा एक ‘थांबा’ म्हणून नोंदवून टाकले होते. उद्या त्याच ठिकाणी अंड्याऐवजी कमळाचे फूल ठेवले असते तर भावनेचा प्रश्न कदाचित मिटला असता. पण अधिकाराचा प्रश्न तसाच राहिला असता. आपले गाव, आपली गल्ली, आपले देवालय यांच्यावर दुसऱ्या कोणी अदृश्य असा एक नकाशा पसरावा, त्या नकाशावरील ठिकाणांची कामे त्याने ठरवावीत आणि आपल्या मुलांनी त्या नकाशाबरहुकूम चालावे, ही गोष्ट किती साधी आणि किती गंभीर आहे, याचा शांतपणे विचार करण्याची वेळ आता खरोखरच आली आहे.

उपग्रहापासून गल्लीपर्यंत

या प्रकारच्या खेळांचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेच्या लष्कराने उभारलेली जीपीएस ही उपग्रह-यंत्रणा नागरी वापरासाठी खुली होती खरी, परंतु नागरिकांना मिळणाऱ्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळलेली असे. मे २००० च्या आरंभी अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने ही भेसळ थांबविण्यात आली आणि एका रात्रीत सामान्य माणसाच्या हातातील यंत्र सुमारे दहापट अचूक झाले. लगेच ३ मे २००० रोजी ओरेगॉन राज्यात एका हौशी माणसाने रानात एक बादली दडवून तिचे अक्षांश-रेखांश इतरांना कळविले आणि ती शोधून काढण्याचे आवाहन केले. गुप्तधन शोधण्याचा हा नवा छंद पुढे ‘जिओकॅशिंग’ या नावाने देशोदेशी पसरला.

त्यानंतर खेळ रानातून शहरात आला. २००१ मध्ये स्वीडनमध्ये ‘बॉटफायटर्स’ हा खेळ निघाला; त्यात मोबाईलच्या मनोऱ्यांवरून खेळाडूचा ठावठिकाणा घेतला जाई आणि शहरात जवळपास फिरणारा दुसरा खेळाडू हे त्याचे ‘लक्ष्य’ असे. त्याच वर्षी इंग्लंडमधील शेफील्ड शहरात ‘ब्लास्ट थिअरी’ या कलावंतांच्या गटाने एक प्रयोग केला. घरी संगणकापुढे बसलेले लोक नकाशावर पळत आणि त्यांचा पाठलाग करणारे कलावंत खऱ्या रस्त्यांवरून धावत. २००३ मध्ये जपानमध्ये ‘मोगी’ आला. २००४ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ‘पॅकमॅन’चा पोशाख करून मॅनहॅटनच्या रस्त्यांवर तो जुना संगणकीय खेळ प्रत्यक्ष खेळून दाखविला. हे सारे प्रयोग लहान होते आणि मौजेचे होते. ज्यांनी ते केले, त्यांना शहराकडे नव्या दृष्टीने पाहावयाचे होते. त्यांच्यामागे बाजार नव्हता.

बाजार आला तो वेगळ्या वाटेने, आणि ती वाट भारतीय वाचकाने नीट लक्षात ठेवावी अशी आहे. अमेरिकेत ‘कीहोल’ नावाची एक कंपनी उपग्रहचित्रांवरून पृथ्वीचा फिरता नकाशा तयार करीत असे. २००३ मध्ये तिला सी.आय.ए.शी संबंधित ‘इन-क्यू-टेल’ या गुंतवणूक संस्थेने पैसा पुरविला. २००४ मध्ये ‘गुगल’ने ती विकत घेतली आणि २००५ मध्ये तिचाच नकाशा ‘गुगल अर्थ’ म्हणून जगापुढे आला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी हैदराबाद येथे पोलीस अधिकाऱ्यांसमोर बोलताना, संवेदनशील स्थळांची इतकी स्पष्ट चित्रे कोणालाही पाहता यावीत याबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली होती. अवकाशविज्ञानात आयुष्य घालविलेल्या माणसाचा तो इशारा होता. त्या कीहोलचे एक संस्थापक जॉन हँके यांनीच पुढे २०१० मध्ये गुगलच्या अंतर्गत ‘नियँटिक’ हा विभाग काढला, २०१२ मध्ये ‘इन्ग्रेस’ नावाचा खेळ आणला, २०१५ मध्ये नियँटिक स्वतंत्र कंपनी केली आणि २०१६ मध्ये जपानी पोकेमॉनची चित्रे घेऊन ‘पोकेमॉन गो’ बाजारात सोडला. आकाशातून पृथ्वी पाहणारी नजर अकरा वर्षांत गल्लीतल्या मुलाच्या तळहातावर येऊन बसली, ती अशी.

ते मंदिर नकाशावर गेले कसे?

खेळाचे तंत्र समजून घेतले की पुष्कळसा गोंधळ दूर होतो. मोबाईलमधील यंत्र उपग्रहांचे संकेत केवळ ग्रहण करते आणि स्वतःचे स्थान काढते. ते स्थान कंपनीच्या संगणकाला कळविण्याचे काम खेळाची आज्ञावली करते. कंपनीच्या नकाशावर गावातील ठराविक ठिकाणे ‘थांबे’ आणि ‘आखाडे’ म्हणून नोंदलेली असतात. खेळाडू प्रत्यक्ष तेथे चालत गेला की त्याला खेळातील सामग्री मिळते. सुरुवातीच्या काळात अंडे उबविण्यासाठी दोन, पाच किंवा दहा किलोमीटर चालावे लागे. घरबसल्या हा खेळ फारसा पुढे सरकत नसे, हेच त्याचे वैशिष्ट्य.

पण ही ठिकाणे कंपनीला कळली कुठून? येथे गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी होते. ‘इन्ग्रेस’ या आधीच्या खेळात खेळाडूंना सांगण्यात आले होते की, तुमच्या परिसरातील ऐतिहासिक वास्तू, शिल्पे, वेगळ्या धाटणीच्या इमारती, सार्वजनिक कलाकृती यांची छायाचित्रे आणि नावे पाठवा. जगभरच्या खेळाडूंनी ती उत्साहाने पाठविली. त्यांतूनच पुढे ‘पोकेमॉन गो’चा नकाशा तयार झाला. म्हणजे आपल्या गावातील जुने शिवालय त्या परक्या नकाशावर बहुधा कोणा परक्याने नेलेच नाही. ते नेले गावातल्याच एखाद्या तरुणाने. त्याने देवळापुढे उभे राहून छायाचित्र घेतले, नाव टंकलिखित केले, दोन ओळी माहिती लिहिली आणि विनामूल्य पाठवून दिली.

या तरुणावर रागावणे सोपे आहे. त्यापेक्षा त्याला एक प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे होईल : याआधी कोणी तुला या देवळाचे छायाचित्र मागितले होते काय? शाळेने मागितले होते? नगरपालिकेने? देवस्थानाने? गावाचा इतिहास लिहिणाऱ्या एखाद्या मंडळाने? उत्तर बहुतेक ठिकाणी नकारार्थी येईल. आपल्या गावाची नोंद करण्याची हौस त्याच्या अंगी होती. तिला हाक मारली ती मात्र कॅलिफोर्नियातील एका कंपनीने. ही उणीव त्या मुलाची म्हणता येणार नाही.

या नकाशाला आणखी एक बाजू आहे. ज्यांच्या हाती महागडे मोबाईल होते आणि ज्यांना फुरसत होती, त्यांनी ठिकाणे पाठविली. त्यामुळे जेथे असे लोक अधिक, तेथे ठिकाणेही अधिक झाली. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत थांबे विरळ आणि गोऱ्यांच्या वस्त्यांत दाट असल्याचे २०१६ मध्येच निदर्शनास आले होते. खेडी आणि शहरे यांच्यातही हेच अंतर दिसते. कंपनीच्या मनात भेदभाव नसेलही. पण तिच्या नकाशावर जो मोहल्ला नाही, तेथे खेळाडू जात नाही. नकाशा निरागस नसतो, तो काढणाऱ्याचे जग दाखवितो, हे यातून पुन्हा सिद्ध झाले.

जमाखर्च

एखादी नवी गोष्ट परकी आहे एवढ्याच कारणाने तिला नाके मुरडणे हा विचार नव्हे. या खेळाची जमेची बाजू मोकळेपणाने मान्य करावयास हवी. दिवसभर खुर्चीत बसून पडद्याशी खिळलेली मुले या खेळाने घराबाहेर काढली. अनोळखी तरुण बागेत एकत्र आले, बोलू लागले. ज्या पुतळ्यापुढून रोज बस जाते त्या पुतळ्याखालचे नाव अनेकांनी प्रथमच वाचले. आई-वडिलांनी हजार वेळा ‘जरा बाहेर जाऊन ये’ म्हणून सांगितले तरी जे घडत नव्हते, ते एका काल्पनिक प्राण्याने घडवून आणले, हे सत्य आहे.

मात्र या लाभाची मर्यादाही पाहावी. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतील तरुण खेळाडूंचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खेळ घेतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात रोजची चाल सरासरी ९५५ पावलांनी वाढली. पण ही वाढ हळूहळू ओसरत गेली आणि सहाव्या आठवड्यापर्यंत खेळाडू पूर्वीच्याच पावलांवर आले. बक्षिसासाठी चाललेले पाऊल बक्षिसाची गोडी संपली की थांबते. सूर्यनमस्काराची किंवा मैदानाची सवय मात्र लागली की बक्षिसावाचून टिकते, असा अनेक घरांचा अनुभव आहे.

खर्चाची बाजू अधिक जड आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये जपानमधील इचिनोमिया शहरात शाळेतून घरी परतणारा नऊ वर्षांचा एक मुलगा ट्रकखाली सापडून दगावला. ट्रकचालक गाडी चालविताना हाच खेळ खेळत होता. त्यानंतर शहराने कंपनीकडे मागणी लावून धरली आणि वेगाने जाणाऱ्या वाहनातून थांब्यांची सामग्री मिळू नये अशी मर्यादा खेळात घातली गेली. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या दोन प्राध्यापकांनी इंडियाना राज्यातील एका परगण्याचे पोलिसांकडील अपघातांचे अहवाल तपासले, तेव्हा खेळाच्या थांब्यांजवळ अपघातांचे प्रमाण खेळ आल्यानंतर विशेषत्वाने वाढल्याचे त्यांना आढळले. ज्या देशांत पदपथ आहेत आणि वाहतुकीचे नियम पाळले जातात तेथील ही कथा. आपल्याकडे पदपथावर फेरीवाले आणि दुचाक्या, रस्त्यावर खड्डे आणि उघडी गटारे. अशा रस्त्यावर मान खाली घालून चालणारे मूल किती सुरक्षित असेल, हे कोणाही पालकास सांगावयास नको.

पावित्र्याचा प्रश्न केवळ भारतीयांचा नाही

गुजरातमधील याचिकेला हसणाऱ्यांनी त्याच सुमारास जगात काय घडत होते, हे पाहावयास हवे होते. पोलंडमधील ऑशविट्झ येथे नाझींनी लक्षावधी ज्यूंची हत्या केली. त्या छळछावणीच्या स्मारकाने जुलै २०१६ मध्ये कंपनीला कळविले की, हे स्थळ खेळातून वगळा. वॉशिंग्टनमधील ज्यू-संहाराच्या संग्रहालयाने आणि आर्लिंग्टन येथील सैनिकांच्या राष्ट्रीय दफनभूमीनेही अभ्यागतांना येथे खेळू नका असे बजावले. जपानमध्ये २२ जुलै रोजी खेळ सुरू होताच इझुमोच्या प्राचीन शिंतो देवस्थानाने आपल्या आवारात त्याला मज्जाव केला. हिरोशिमाच्या शांतिउद्यानातील ठिकाणे ६ ऑगस्टच्या स्मृतिदिनापूर्वी वगळावीत, असा त्या शहराने आग्रह धरला आणि ती वगळण्यात आली.

यांपैकी कोणालाही कोणी मागासलेले म्हटले नाही. स्मरणाच्या आणि उपासनेच्या जागी माणसाने वेगळे वागावे, ही सर्व सुसंस्कृत समाजांची समान धारणा आहे. फरक एवढाच की, त्या समाजांनी नेमके काय हवे ते ठरविले, अधिकृत संस्थेमार्फत मागितले आणि मिळविले. आपल्याकडे मात्र एक तर चेष्टा होते किंवा संताप होतो. मागणीचा मसुदा कोणी लिहीत नाही.

सरसकट बंदीचा मार्गही किती उपयोगी, हे पाहण्यासारखे आहे. इराणने ऑगस्ट २०१६ मध्ये खेळावर बंदी घातली. अमेरिकेतील मिलवॉकी परगण्यात खेळाडूंच्या गर्दीने एका उद्यानाची नासधूस झाली, म्हणून २०१७ मध्ये तेथील प्रशासनाने अशा खेळांसाठी परवाना सक्तीचा केला. परंतु अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर संघीय न्यायालयाने त्या नियमाची अंमलबजावणी रोखली. उलट, ज्यांच्या घरांपुढे खेळाडूंची रीघ लागली होती अशा रहिवाशांनी लावलेला दावा २०१९ मध्ये तडजोडीने मिटला. तक्रार आल्यास पंधरा दिवसांत निवारणाचा प्रयत्न करावयाचा आणि घरापासून चाळीस मीटरच्या आतील ठिकाण घरमालकाच्या विनंतीवरून काढावयाचे, असे कंपनीने मान्य केले. खेळावर बंदी घालण्यापेक्षा जागेची मर्यादा आखणे अधिक टिकाऊ ठरते, हा यातील धडा आहे.

पावलांचा बाजार

हा खेळ फुकट मिळतो. फुकट वस्तूची किंमत कोणीतरी मोजत असतोच. जपानमध्ये खेळ सुरू झाला तेव्हा ‘मॅकडोनाल्ड’ची सुमारे २,९०० उपाहारगृहे पैसे मोजून खेळातील ठिकाणे झाली होती. डिसेंबर २०१६ मध्ये खेळ भारतात अधिकृतपणे आला तो ‘रिलायन्स जिओ’च्या सहकार्याने, आणि ‘रिलायन्स डिजिटल’ची दुकाने त्यात थांबे आणि आखाडे म्हणून दाखल झाली. मूल खेळण्यासाठी बाहेर पडते आणि दुकानाच्या दारात पोहोचते. जाहिरातीचा फलक ग्राहकाला बोलावतो, हा खेळ ग्राहकाला चालवीत आणून पोहोचवितो. देऊळ आणि दुकान या दोन्ही ठिकाणांना त्या नकाशावर सारखेच चिन्ह असते, ही बाब अंड्यापेक्षा अधिक बोचणारी नाही काय?

त्याहूनही मोठा व्यवहार पुढे उघड झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये नियँटिकने जाहीर केले की, खेळाडूंनी मोबाईलच्या कॅमेऱ्याने केलेल्या स्थळांच्या चित्रणाच्या आधारे जगाचे त्रिमितीय आकलन असणारी एक प्रचंड संगणकीय प्रतिकृती ती तयार करीत आहे. हे चित्रण ऐच्छिक होते आणि केवळ खेळत चालण्याने ते होत नाही, हा कंपनीचा खुलासाही नमूद करावयास हवा. तथापि वाहनातून घेतलेल्या चित्रात जे येत नाही, ते पादचाऱ्याच्या चित्रणात येते : बोळ, पायऱ्या, ओवरी, देवळाचा मागचा दरवाजा. खेळाच्या नादात मुलांनी हे काम विनावेतन केले. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये नियँटिकने आपला खेळांचा व्यवसाय साडेतीन अब्ज डॉलरना ‘स्कोपली’ या कंपनीस विकण्याचा करार केला. स्कोपलीची मालकी सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या एका कंपनीकडे आहे. नकाशाचे तंत्र हँके यांनी वेगळ्या कंपनीत आपल्याकडे ठेवले. अशा प्रकारे एकाच खेळाच्या पोटी जमलेले धन दोन दिशांना गेले. ज्यांच्या गावांवर आणि पावलांवर हा डोलारा उभा राहिला, त्यांना या खरेदी-विक्रीत कोणी विचारले नाही.

भारताचे शासन या विषयात अगदीच झोपलेले आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०११ मध्ये गुगलने बंगळुरूत रस्त्यांचे चित्रण सुरू केले, तेव्हा पोलिसांनी ते थांबविले. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांबाबतची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनी भारतीय संस्थांना नकाशे तयार करण्याची मोकळीक दिली आणि एक मीटरहून अधिक बारकाव्याची स्थलविषयक माहिती, तसेच रस्त्यावरील चित्रण, हे केवळ भारतीय संस्थांनीच करावे असे ठरविले. म्हणूनच जुलै २०२२ मध्ये मुंबई, पुणे, नाशिक, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) यांच्यासह दहा शहरांत ‘स्ट्रीट व्ह्यू’ पुन्हा आले, ते भारतीय कंपन्यांनी केलेल्या चित्रणातून. स्वतःची उपग्रह-यंत्रणा हवी म्हणून सात उपग्रहांची मालिका एप्रिल २०१६ मध्ये पूर्ण झाली आणि तिला ‘नाविक’ हे नाव मिळाले. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक केली आणि मुलांवर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती करण्यास मनाई केली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे.

कायद्याची भिंत अशी उभी राहत आहे. पण कायदा चित्रण करणाऱ्या मोटारीला अडवू शकतो. आपल्याच मुलाच्या हातातील मोबाईलला अडविणे त्याला कठीण आहे. तेथे घराचे आणि समाजाचे काम सुरू होते.

स्थानपोथीचा वारसा

ठिकाणाला गोष्ट जोडावी आणि त्या गोष्टीसाठी माणसाने पायी चालावे, ही कल्पना नियँटिकने शोधून काढलेली नाही. महाराष्ट्राला तर ती सातशे वर्षांपासून ठाऊक आहे. चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, हिंडले त्या ठिकाणांची नोंद महानुभाव पंथाने ‘स्थानपोथी’त करून ठेवली : गाव कोणते, देऊळ कोणते, कोणत्या दिशेला, कोणत्या बाजूला. ती नोंद वाचत भाविक स्थानवंदनाला जात. वारकऱ्यांची वारी, नर्मदेची परिक्रमा, अष्टविनायकाची यात्रा, ही सारी पायांनी वाचावयाची पुस्तके होत. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारे मूल आपल्या भूगोलाशी आणि इतिहासाशी एकाच वेळी खेळत असते. बुरूज कोठे, महादरवाजा कोठे, हे त्याला माहीत असावे लागते.

या परंपरेत आणि त्या खेळात एक मूलभूत अंतर आहे. वारीत वा यात्रेत पाऊल पुढे पडते ते त्या ठिकाणासाठी. खेळात ठिकाण हे निमित्त असते. उद्या कंपनीने थांबा हलविला की खेळाडूही हलतो, आणि मागे राहिलेल्या देवळाशी त्याचे काही नाते उरत नाही. नाव ठाऊक असणे आणि नाते असणे यांतील हे अंतर भरून काढणे कोणत्याही आज्ञावलीला शक्य नाही. ते आजोबांना शक्य आहे, शिक्षकांना शक्य आहे, गल्लीतील जाणत्या माणसाला शक्य आहे.

दुर्दैवाने याच माणसांनी आपली जागा सोडली. मुले रस्त्यावर का खेळतात, याचेही उत्तर प्रामाणिकपणे द्यावयास हवे. मैदानांवर इमारती उभ्या राहिल्या, बागेत ‘चेंडू खेळू नये’ अशा पाट्या लागल्या, वाड्यांची जागा वाहनतळ असलेल्या सोसायट्यांनी घेतली. आट्यापाट्या, लगोरी, विटीदांडू यांना लागणारी पाच-पन्नास फूट मोकळी जमीन शहरांनी मुलांकडून काढून घेतली. ज्या पिढीने मैदाने गिळली, तिने मुलांच्या हातातील मोबाईलवर रुष्ट व्हावे, हे फारसे शोभणारे नाही.

करावयाचे काय?

कामे अवघड नाहीत. फक्त ती कोणीतरी हाती घ्यावयास हवीत. प्रत्येक देवस्थानाच्या, स्मारकाच्या आणि शाळेच्या व्यवस्थापनाने आपली जागा अशा खेळांत आहे काय, हे एकदा पाहून घ्यावे. ती असावी की नसावी याचा निर्णय बैठकीत घ्यावा आणि नको असल्यास इझुमोच्या देवस्थानाप्रमाणे आवारात स्पष्ट फलक लावून कंपनीला लेखी कळवावे. समाधी, स्मशान, रुग्णालय आणि शाळा यांच्या परिसराबाबत नगरपालिकांनी एकत्रित मागणी केली तर ती अधिक परिणामकारक होईल. पालकांनी मुलांच्या हातून मोबाईल हिसकावून घेण्यापेक्षा स्थान कळविण्याची आणि कॅमेऱ्याची परवानगी कोणत्या आज्ञावलीला दिली आहे, हे मुलासोबत बसून तपासावे. रस्त्याच्या कडेला थांबल्याशिवाय पडद्याकडे पाहावयाचे नाही, हा नियम घरातील मोठ्यांनीही पाळावा. तो मोठ्यांनी मोडला तर लहान पाळणार नाहीत.

त्याहून महत्त्वाचे काम आपल्या स्वतःच्या नकाशाचे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आणि जिंजी तामिळनाडूत. शिवनेरी, राजगड, रायगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग या नावांवर मराठी मुलांचे प्रेम आहेच. या किल्ल्यांवर पायी हिंडत उलगडत जाणारा, प्रत्येक दरवाजापाशी आणि टाक्यापाशी खरी, तपासलेली माहिती देणारा, मुलांची माहिती गोळा न करणारा एखादा खेळ पुण्या-मुंबईतील संगणक अभियंत्यांना अशक्य आहे काय? अमेरिकेतील आणि युरोपातील कंपन्यांसाठी आज्ञावल्या लिहिणारे हजारो मराठी हात आहेत. त्यांतील काहींनी सुटीचे दोन दिवस यासाठी द्यावेत, इतिहासाच्या अभ्यासकांनी मजकूर तपासून द्यावा आणि शाळांनी तो मुलांच्या सहलीत वापरावा.

तोपर्यंत तंत्रज्ञानाची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. सातवी-आठवीच्या वर्गाने आपल्या शाळेभोवतीच्या अर्ध्या किलोमीटरचा नकाशा काढावा. त्यात पाराचे नाव असावे, बुजलेल्या विहिरीची जागा असावी, वीरगळ असल्यास त्याचे चित्र असावे, रस्त्याला ज्याचे नाव दिले तो कोण होता हे लिहिलेले असावे. माहिती घरोघरी जाऊन वृद्धांकडून मिळवावी. एका शाळेने एका वर्षात एवढे केले तरी दहा वर्षांत गावाची स्थानपोथी तयार होईल, आणि ती कोणत्याही कंपनीला विकता येणार नाही.

त्या देवळाचे छायाचित्र पाठविणारा तरुण आजही आपल्याच गल्लीत आहे. त्याच्या पायांत बळ आहे, हातात यंत्र आहे आणि नोंद करण्याची हौस आहे. परक्या कंपनीने त्याला ओळखले आणि कामाला लावले. गावाने त्याला हाक मारावी, एवढेच आता शिल्लक आहे.